चोवीस तासांचा डबा

शपथेवर सांगते, आणि हळू आवाजात नाही, चांगलं खडसावून सांगते, की यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्यांनी माझ्या बाता ऐकल्यात ते आत्ताच एकमेकांना कोपरं मारायला लागले असतील. मारा. पाऱ्याचा थेंब दवाखान्याच्या जिन्यावरून टणाटणा उड्या मारत रस्त्यावर गेला आणि मी झाडू घेऊन त्याच्यामागे दोन चौक धावले, ही थाप होती, कबूल. एका पहिलवानाची दाढ उपटली तर तिच्या मुळाला त्याच्या बुटाचा खिळा लागून आला, ही तर सगळ्या थापांची आजी. पण आज तसलं काही नाही. आज मी साधं सांगणार आहे, आणि साधं सांगायला मला किती कष्ट पडतात ते माझं मला ठाऊक.

सुरुवात एवढ्याशा गोष्टीनं झाली. दुपारची वेळ, मी खिडकीपाशी पाय वर घेऊन बसले होते. माझी लेक आली, सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, एवढी सुई ओवून दे गं." बस्स, एवढंच. मी ओवली. पहिल्या फटक्यात ओवली, कारण ऑपरेशन झाल्यापासून मला उजव्या डोळ्यानं समोरच्या इमारतीतल्या बाईच्या कानातले खडेसुद्धा मोजता येतात. ओवून तिच्या हातात दिली तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की हे उलटं झालं. मी शहात्तरची, ती एक्कावन्न. आणि ती कोण, तर रफू करणारी. कपडे धुण्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगाच्या दिव्याखाली, सव्वीस वर्षं तिनं तेच केलं. सिगारेटनं जळलेला कोट घ्यायचा, त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायचे, आणि भोकावर एकेक धागा आडवा-उभा असा विणायचा की कोटाच्या मालकालाही नंतर भोक सापडू नये. लोक पैजा लावायचे. लहानपणी भिंतीच्या कडेकडेनं चालायची म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणायचो, पण ते नाव खरं झालं तिच्या टाक्यांमुळे. "म्हातारी कोण गं, तू का मी?" मी तिला चिडवलं. "तूच," मुंगी म्हणाली, "पण तुझे हात बघ की. दगडासारखे आहेत." आणि स्वतःचा उजवा हात तिनं मांडीखाली सरकवला. लपवला म्हणा. लहान मूल हातातली वस्तू लपवतं ना, तसा. काहीतरी बिघडलंय हे मला कळलं ते त्या क्षणी, डॉक्टरचं नावही निघायच्या आधी.

माझे हात. तेच बघत बसले मी त्या दुपारी. तळवे जाड, अंगठ्याचं पेर चपटं. याच हातांनी एकतीस वर्षं मी पारा मळला. खोटं वाटेल, पण तेव्हा तसंच करायचे. दाताचे डॉक्टर, ज्यांना मी साहेब म्हणायची, खुर्चीवरच्या माणसाची कीड कोरत असायचे, आणि मी मागे टेबलाशी, त्या खड्ड्यात भरायची चांदी तयार करत. काचेचा छोटा खल, त्यात चांदीची भुकटी, वर बाटलीतून पाऱ्याचे मोजून थेंब. घोटायचं, घोटायचं, कचकच आवाज बंद होईपर्यंत. मग तो गोळा डाव्या तळहातावर घ्यायचा आणि उजव्या अंगठ्यानं मळायचा. मोजे-बिजे काही नाही. मळताना तो गरम होतो का थंड, अजून मला सांगता येत नाही, पण जड असतो, वाटाण्याएवढा गोळा असून सुपारीएवढा जड. मऊ झाला की मलमलच्या फडक्यात धरून पिळायचा. फडक्यातून जादा पारा बाहेर यायचा, बारीक बारीक घाम फुटल्यासारखा. पहिल्या आठवड्यात माझ्या सोन्याच्या अंगठीवर एक थेंब पडला आणि अंगठी पांढरीफटक पडली. नवरा म्हणाला, महिना नाही झाला कामाला लागून आणि सोन्याची चांदी करून आणलीस. मी त्याला सांगितलं, साहेबांनीच बदलून घेतली, राजघराण्यातल्या बाईच्या दातासाठी सोनं कमी पडत होतं. त्याचा विश्वास बसला, बिचारा.

आणि शाळा सुटली की मुंगी तिथे यायची, घरी कोणी नसायचं म्हणून. टेबलाखाली बसायची. रडू नये, खुर्चीवरच्यांना घाबरू नये, म्हणून मी तिला पत्र्याचा एक ट्रे द्यायची आणि त्यात पिळून निघालेला पारा. ती ट्रे तिरका करायची. एक थेंब धावायचा, दुसऱ्याला गाठायचा, दोन्हींचा एक व्हायचा, मग बोटानं टिचकी मारली की त्याचे वीस. तासन् तास. "आई, हा बघ बाबा, ही बघ आई, ही मी," आणि सगळ्यांना एकत्र ढकलून द्यायची. चौदाव्या वर्षापर्यंत तिच्या नऊ दातांत चांदी होती. साहेब घरचं माणूस म्हणून फुकट भरायचे. मीच मळलेली, नऊच्या नऊ. साहेब तिला तोंड उघडायला लावायचे आणि पाहुण्या डॉक्टरांना म्हणायचे, "हे माझं प्रदर्शन." मला केवढा अभिमान. लेकीच्या तोंडात माझ्या हातचं काम, जन्मभर टिकणारं. कुठल्या आईला असं काही देता येतं? पोळलेल्या बोटावर फुंकर घालतो ती दोन मिनिटांत उडून जाते.

नसांच्या डॉक्टरकडे आम्ही दोघी गेलो. जावई बसच्या डेपोत गाड्यांच्या वेळा लावतो, त्याला सुट्टी नव्हती. खरं तर मीच त्याला येऊ दिलं नाही. डॉक्टर पोरसवदा होता, पण शांत. त्यानं मुंगीला हात पुढे धरायला लावला आणि आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो. कातडीच्या आत काहीतरी हलत होतं. थरथर नव्हे, आतून कोणीतरी बोटाच्या टोकानं टकटक करतंय तसं. मग जीभ बघितली. जिभेवरही तेच. मग सुया टोचून, तारा लावून दोन दिवस कसल्या कसल्या तपासण्या झाल्या आणि त्यानं एक लांबलचक नाव सांगितलं. मी म्हणाले, "डॉक्टर, नाव राहू दे, औषध सांगा." तो म्हणाला, "आजी, स्नायू हळूहळू सुकत जातात. वेग थोडा कमी करता येतो. थांबवता येत नाही." खोलीत घड्याळ नव्हतं, तरी मला टिकटिक ऐकू येत होती. मग मुंगीनं विचारलं. ती सगळं वाचून आली होती, मोबाईलवर, रात्रंदिवस. "डॉक्टर, पाऱ्यामुळे असं होतं का? माझ्या तोंडात नऊ आहेत." त्यानं मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. "पाऱ्याचीही थरथर असते, पण ही तशी दिसत नाही. दातातल्या चांदीतून फार थोडा सुटतो. तरी मनात शंका नको. लघवी तपासू, चोवीस तासांची."

तिथून जिना उतरताना मुंगीनं माझा दंड धरला. मला वाटलं तोल गेला. तर ती हसत होती. "आई, पारा असला तर निघतो. त्याला औषध आहे. दात बदलायचे, औषध घ्यायचं, संपलं." रस्त्यावर गाड्या, भोंगे, समोरच्या दुकानाचं शटर कोणीतरी खडखड वर करत होतं, आणि माझी लेक एक्कावन्नाव्या वर्षी, आपल्या अंगात विष निघावं म्हणून डोळे चमकवत होती. मीही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मीही मनात म्हणत होते, निघू दे. माझ्या हातचं असू दे. लोक म्हणतील आईनंच विष घातलं, म्हणू देत. तिनं माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल, नऊ दातांतलं काढून ती पुन्हा भिंगाखाली बसली म्हणजे झालं. असा गुन्हा कोणी इतक्या आशेनं अंगावर घेतला असेल असं मला वाटत नाही.

डबा मिळाला. पाच लिटरचा, पांढऱ्या प्लास्टिकचा, वर तिच्या नावाची चिठ्ठी. तपासणीवालीनं नीट समजावलं होतं. सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरचा प्रत्येक थेंब डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत, आणि डबा थंड ठेवायचा. माशांतही पारा असतो म्हणून आठवडाभर मासे बंद. फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी तो डबा बघून जावई म्हणाला, "आई, चहा करताना जरा बघून हं." मी म्हणाले, "तुमच्या चहाला काही फरक पडणार नाही." मुंगी एवढी हसली की भिंतीला टेकली. तेव्हा तिला हसताना मान सावरायला लागत होती. त्या दिवशी तिनं दर वेळी वेळ लिहून ठेवली, डब्याच्या अंगावर रेघ मारली. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. दुपारी ती झोपली. मी फ्रिज उघडला आणि त्या रेघेकडे बघितलं. केवढीशी होती. एवढ्याशात काय सापडणार, असं मला वाटलं. आणि मग मला वाटलं, की मी तर आहे. एकतीस वर्षं. माझ्यात नुसता साठा नसेल, खाणच असेल. माझ्या हाडांत पारा, माझ्या रक्तात पारा. मला उलटं टांगलं तर थर्मामीटरसारखा डोक्यात उतरेल. तिच्यात कमी पडला तर माझा आहेच की. आईचंच आहे, कोणा परक्याचं नाही. आता तुम्ही म्हणाल, आजीला अक्कल होती की नाही. नव्हती. मी दवाखान्यात आयुष्य काढलं होतं आणि तरी मला एवढंच कळत होतं, की कागदावर आकडा मोठा आला की औषध सुरू होईल. तोवर मी चहाचा जुना मग घेऊन न्हाणीघरात गेलेसुद्धा. चार वेळा गेले, आणि दर वेळी मग तिच्या डब्यात ओतला. संध्याकाळपर्यंत दोन ग्लास जास्तीचं पाणी पिऊन गेले. आणि तिनं मारलेली रेघ पुसून, तिच्यासारखीच, वरती नवीन रेघ मारली. तिला कळलं नाही. सकाळी म्हणाली, "बरंच झालं की गं." म्हटलं, "हवा थंड आहे ना."

आठ दिवसांनी फोन आला, सकाळी दहाच्या सुमारास. मुंगी आंघोळीला गेली होती. बटणं लावायला वेळ लागायचा, तास तास लागायचा. तपासणीवालीनं तिचं नाव घेऊन विचारलं, "आपणच का?" मी म्हणाले, "हो, मीच." "आवाज वेगळा वाटतोय, ताई." "सर्दी झालीय," म्हटलं आणि दोनदा खोकले. ती म्हणाली, "ताई, चोवीस तासांपेक्षा जास्त साठवलंत का? एका माणसाचं जेवढं यायला हवं, त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतंय. नुसतं पाण्यानं वाढलेलं नाही, आतल्या घटकावरून कळतं आम्हाला. असा अहवाल देता येत नाही. पुन्हा द्यावं लागेल." मी विचारलं, "आणि पारा?" "तसं फोनवर सांगत नाही आम्ही." "अहो सांगा, माझंच आहे ना." पलीकडे कागद सळसळला. "काळजीचं काहीच नाही. कोणाच्याही अंगात सापडतो तेवढाच, किंबहुना थोडा कमीच." मी म्हणाले, "पण समजा एखादीनं वर्षानुवर्षं पाऱ्याचं काम केलं असेल तर?" "काम कधी सोडलं?" "झाली सतरा वर्षं." "मग कुठे राहतोय, ताई. शरीर बाहेर टाकतं. काही महिन्यांत बराचसा निघून जातो." तिनं फोन ठेवला तरी मी तो कानाला धरून उभी होते. न्हाणीघरात बादलीत पाणी पडत होतं. निघून जातो. म्हणजे तो ट्रे, तो खल, ती पांढरी पडलेली अंगठी, एकतीस वर्षांचं मळणं, याचं माझ्यात काही नव्हतं. मी रिकामी होते. मला वाटत होतं मी लेकीला जन्मभर टिकणारं काहीतरी दिलंय, वाईट का होईना. तर मी तिला काहीच दिलं नव्हतं. हा आजार कोणाचाच नव्हता. कोणाकडून आला नव्हता आणि म्हणून कोणाकडे परतही पाठवता येत नव्हता.

मुंगी बाहेर आली, ओले केस, ब्लाऊजचं वरचं बटण तसंच. "कोणाचा फोन?" मी तोंड उघडलं आणि, देवाशप्पथ, सगळं सांगायलाच उघडलं. "तपासणीवाल्यांचा. पुन्हा द्यायला सांगितलंय." तिचे डोळे मोठे झाले. "पुन्हा? म्हणजे काहीतरी सापडलंय, आई! उगाच नाही कोणी पुन्हा मागत." मी बटण लावून दिलं. तेवढा वेळ मान खाली घालता आली. नंतरचे तीन आठवडे, नवा डबा, पुन्हा माशांना सुट्टी, पुन्हा वाट बघणं, हे तिच्या आजारातले सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि मी ते चोरट्यासारखे दाराआडून बघितले. तिनं आरशासमोर आ करून दातांचा नकाशा काढला, कुठले आधी काढायचे, कुठले नंतर. दुकानात फोन करून एक निळा कोट घरी मागवला, पाठीवर जळलेला, आणि मालकाला महिन्याची तारीख दिली. "तोवर बोटं येतील ताळ्यावर," म्हणाली. मी सुया ओवून ठेवायचे, दहा-दहा, गादीला टोचून रांगेत, म्हणजे तिला मागावं लागू नये. ती एकेक धागा उपसायची. एका दुपारी तीन धागे. तिची जीभ जड व्हायला लागली होती, "धागा" म्हणताना शब्द घरंगळायचा, आणि ती म्हणायची, "बघ, हे चांदीमुळेच." जावई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "आई, तुम्ही दवाखान्यात होतात. खरंच असेल का हो?" त्याच्या हातात भांडं पुसायचं फडकं होतं आणि तो ते पिळत होता, मलमल पिळावं तसं, थेंब काही निघत नव्हता. "बघू या," मी म्हणाले. माझ्यासारख्या बाईला, जिनं राजघराण्यांपासून पहिलवानांपर्यंत सगळ्यांना दाताच्या खुर्चीत बसवलं, तिला या दोन शब्दांपलीकडे काही सुचलं नाही.

दुसरा अहवाल जावयानं आणला. लिफाफा तिनंच फोडला, दातांनी. एक ओळ वाचायला किती वेळ लागतो? ती पानभर असल्यासारखी वाचत राहिली. मग तिनं कागद घडी घालून निळ्या कोटाच्या खिशात ठेवला, का ते माहीत नाही, आणि कोटाची उरलेली शिवण कशी उसवायची ते मला सांगायला लागली. मी उसवत होते, ती सांगत होती. कोट दुकानात परत गेला तेव्हा भोकाच्या एका कडेला बोटाच्या पेराएवढं विणलेलं होतं. तेवढं मात्र, शोधलं तरी सापडलं नसतं. ती रडली नाही. जावई रडला, गॅलरीत, कपडे वाळत घालताना, ओल्या चादरीआड. पुढे दोन हिवाळे ती होती. आधी हात गेले, मग आवाज, मग गिळणं. तिच्या तोंडात चमच्यानं भरवताना मला ती नऊच्या नऊ चांदी दिसायची, एकही निखळली नव्हती, साहेबांचं प्रदर्शन जसंच्या तसं.

पण आवाज जायच्या आधी, एकदा संध्याकाळी, ती खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. चहाचा मग, न्हाणीघर, खोटी रेघ, खोटी सर्दी, सगळं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. मान सावरेना तेव्हा मी ती माझ्या खांद्यावर घेतली, आणि ती हसत हसत, तुटक तुटक म्हणाली, "आई, दोघींचं मिळूनसुद्धा नाही निघाला?" मी म्हटलं, "नाही गं." "एवढं तू मळ मळ मळलंस," ती म्हणाली, "आणि वाया." आम्ही दोघी इतक्या हसलो की जावई दारात येऊन उभा राहिला.

शब्द न् शब्द खरा आहे म्हणाले ना मी. तर हे एवढं नाही. हे हसणं मी घातलं. तिला मी कधीच सांगितलं नाही. संध्याकाळ होती, खिडकी होती, उशा होत्या, ते सगळं खरं. तिनं विचारलंही होतं, आपणहून, जड जिभेनं, "आई, तो पहिला डबा का परत आला होता गं?" मला तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "काही नाही गं, झाकण नीट लागलं नव्हतं. वाटेत सांडलं."

"मला वाटलं, मी घट्ट लावलं होतं," ती म्हणाली, आणि मांडीवरच्या आपल्या बोटांकडे बघत बसली.